पट्टा लावू नये

बर्फावरचा रस्ता सुरू होतो तिथे एक पाटी आहे:
पट्टा लावू नये. थांबू नये.
पंचवीस ते चाळीसच्या मधल्या वेगानं जाऊ नये.
त्या वेगात खालच्या पाण्यात लाट उठते म्हणे
आणि बर्फ आपल्याच पोटातल्या लाटेनं तडकतो.

फाटकावरचा काल्यू, टोपी कानांवर ओढत:
किती माणसं?
एंडेल म्हणाला, दोन.
मी म्हटलं, दोन, वेगवेगळी.
काल्यूनं वहीत नुसतं दोन लिहिलं.

हिउमा बेटापासून मुख्य जमीन सव्वीस किलोमीटर.
पलीकडे हाप्सालूचं कोर्ट, अकराची वेळ.
मागच्या सीटवर कागद, प्लास्टिकच्या पिशवीत.

गाडी लाडा. आमच्या लग्नाआधीची, त्याची.
काच हातानं फिरवायची.
या काचेवरून किती वेळा वाजलं आमचं!
शेजारच्या वाइकेकडे बटण दाबलं की काच सरकते
आणि आमच्याकडे आपलं दळण.

सहाव्या किलोमीटरला आवाज झाला.
मोठा नाही. स्वयंपाकघरात कुणी
बशीवर बशी ठेवावी, तेवढाच.
मग गाडीचं नाक खाली गेलं, इंजिनाच्या वजनानं.
समोरची काच आधी हिरवी, मग काळी.

दार उघडेना. उघडणार कसं,
बाहेर अख्खा समुद्र दाराला पाठ लावून उभा.
एंडेल तरी खांदा मारत राहिला, स्वभावाप्रमाणे.
मी ओरडले, दार सोड! काच!
त्यानं ऐकलं.
ही ओळ मी मुद्दाम वेगळी लिहिली आहे.

माझ्या बाजूची दांडी मी फिरवायला घेतली.
एक वेढा. पाणी घोट्यांशी.
दोन. गुडघ्यांशी, आणि ते गार नव्हतं, चावत होतं.
तीन. दांडी अडली, नेहमीच्याच जागी,
जिथे थोडं आपल्याकडे ओढून मग पुढे ढकलावं लागतं.
हे जगात आम्हा दोघांनाच ठाऊक.
त्याचा हात माझ्या हातावर आला. ओढला, ढकलला.
साडेतीन.

पाणी आत आलं, भिंत कोसळावी तसं.

बारा वर्षं आम्ही एकमेकांना पाण्यात पाहत होतो.
त्या दिवशी मी खरोखर पाहिलं:
डोळे उघडे, केस उभे, गाल हवेनं फुगलेले,
शाळेच्या फोटोत श्वास धरून बसलेला मुलगा.
तो मला वर ढकलत होता.
पट्टा नव्हता, म्हणून गेले.

वर आल्यावर लहानपणी शिकवलेलं आठवलं.
उभं राहायचं नाही. पोटावर सरपटायचं,
आणि आलो त्याच दिशेनं मागे,
त्या बर्फानं आपल्याला एकदा तरी पेललेलं असतं.
रस्त्याच्या कडेला ज्युनिपरच्या फांद्या खोचलेल्या असतात,
पहिल्या फांदीपर्यंत गेले, ती मुठीत धरली
आणि आकडे मोजायला लागले. कशासाठी, कोण जाणे.
एकोणीसला भोकातून त्याचं डोकं आलं.
दातांत पिशवी.

काल्यूच्या शेगडीपुढे, काल्यूच्याच दोन स्वेटरांत
आम्ही बसलो. बोललं कुणीच नाही.
कागद कोरडे होते.
पिशवीला गाठ मीच मारली होती, सकाळी, रागानं.
काल्यूनं वही काढली, परत आलेल्यांच्या रकान्यात
पुन्हा दोन लिहिलं, आणि पेन्सिलीला टोक करत बसला.

पुढच्या आठवड्यात फेरीबोटीनं गेलो.
वेगवेगळ्या बाकांवर. सह्या केल्या.
लोकांना इथे काहीतरी वेगळं हवं असतं,
मला कळतं ते, पण सह्या केल्या.

गाडी नंतर क्रेननं वर काढली. दंड त्यानं भरला.
आता तो पार्नूला असतो, त्याला एक मुलगी आहे,
तिला तो पोहायला नेतो असं कानावर आलं.

माझ्या नव्या गाडीला बटण आहे.
जानेवारीत बर्फावर उतरताना मी पट्टा सोडते, काच खाली करते,
उणे बारा असलं तरी,
आणि काच सरकत असते तेव्हा माझा उजवा हात
उगाच थोडा आपल्याकडे ओढला जातो.

ती पिशवी त्यानं का आणली, हे विचारायचं राहिलं.
एका श्वासात जेवढं करता येतं
त्यातला काही श्वास त्यानं मागच्या सीटवर घालवला.
कधीतरी फोन होतो आमचा.
विहिरीच्या पंपाबद्दल बोलतो.