तीन वाळुंजकर

रात्री सव्वादोनला यंत्र विचारतं :
ह्या तिघी एकच का?

वाळुंजकर सुशीला, एकसष्ट, रामबाग.
वालुंजकर सुशीलाबाई, अठ्ठावन्न, राम बाग.
बालूंजकर सुसीला, साठ. पत्ता : पुलापलीकडे.

यंत्राकडे ळ नाही.
हिंदी फॉर्मवर त्याचा ल होतो
आणि रोमनमध्ये नुसता एक उभा दांडा.
जुळणी ब्याऐंशी टक्के, म्हणतं,
उरलेले अठरा माझ्यावर टाकून
बारीक गोल फिरवत बसतं.

पहिलीला पेनिसिलिन चालत नाही.
दुसरीला चालतं,
म्हणजे कुणी विचारलेलं नाही;
रिकामा रकाना आणि ‘नाही’ ह्यांतला फरक
सांगायचा कसा त्याला, अजून कुणाला सुचलेलं नाही.
तिसरी मागल्या मार्चमध्ये वारली.

मी जिना चढून वर जातो.
वॉर्डात कुठलंसं मॉनिटर केकाटतंय.
वर्गीस सिस्टर न बघता बटण दाबते :
“भिया, रातभर येच चलता है.
दो सौ बार चिल्लाता है,
एक बार सच्ची में. कौनसी बार, बताओ?”

सात नंबरवर बाई जागी.
“काय होतंय?”
“डावीकडे कसकसून राहिलंय.
आत कुणी ओलं फडकं पिळावं तसं.”
माझ्या यादीत दुखणे आहे, जळजळ आहे,
आणि अन्य.
मी अन्यवर बोट ठेवतो.
अख्खं इंदूर त्या अन्यमध्ये झोपलेलं असावं.

“पेनिसिलिन?”
“सुई दिली होती एकदा. तोंड पोळीसारखं टम्म.”
“आणि ही पुलापलीकडची?”
ती भिंतीकडे बघते.
“जाऊ माझी. प्रमिला.
तिचं कार्ड नव्हतं हो. माझ्यावर दाखवली.”
मग जरा वेळानं,
“माझ्याच नावानं गेली ती.
तेराव्याला पण मी मनात म्हटलं,
बघ, माझंच जेवतायत लोक.”

तिच्या साखरेचे आकडे, तिचा शेवटचा ईसीजी,
सगळं हिच्या आयुष्यात शिरून बसलंय.
एक केल्या तर ही मेलेली.
वेगळ्या ठेवल्या तर पहाटे कुणीतरी
दुसरीचा रिकामा रकाना वाचून
सुई भरेल.

खाली गोल अजून फिरतोय.
हो. नाही. नंतर विचारा.
मी नंतर दाबतो,
आणि ड्रॉवरमधला लाल मार्कर घेऊन पुन्हा वर जातो.
तिच्या पलंगाच्या पाटीवर लिहितो : पेनिसिलिन नको.
खाली नाव,
ळ जरा मोठाच पडतो.

“प्रमिला पण लिहा कुठं,” ती म्हणते.
पाटीवर जागा नाही.