वतीनं

माझ्या बाप्तिस्म्याची गोष्ट मला तोंडपाठ आहे,
जरी मी तेव्हा सतरा दिवसांचा होतो
आणि आई म्हणते त्याप्रमाणे, ढाराढूर.

कुर्ल्याचं ख्रिश्चन गाव, रविवार, चारचा सुमार.
दगडी कुंडापाशी मादीन नातालीन,
लाल चौकड्यांचं लुगडं,
तिच्या कोपरावर मी, उसन्या पांढऱ्या झबल्यात.
फादरांनी विचारलं, सैतानाचा त्याग करता का?
नेमकं तेव्हाच विमान
कौलांना घासल्यासारखं खाली उतरत गेलं.
तिला ऐकू आलं : सांतानाचा.

सांतान तिचा धाकटा दीर.
दारूपायी गिरणीतून काढलेला,
सख्ख्या भावंडांनी उंबऱ्याबाहेर ठेवलेला.
"त्याला कसा टाकू, फादर?" ती म्हणाली.
"ताट झाकून आलेय त्याचं."

हसू फुटलं. फादरही हसले, म्हणतात.
मग प्रश्न पुन्हा, 'सै'वर जोर देऊन,
मग पाणी, तीनदा,
तेल, मेणबत्ती,
आणि मी एकदाचा रडलो.

दर ईस्टरला ही गोष्ट निघायची
फुगियांच्या टोपलीभोवती.
सांतानकाका सगळ्यांत जोरात हसायचा
आणि हसता हसता उठून
मोरीत जाऊन तोंड धुवायचा.

ताटाचं पुढे काय झालं, कुणी सांगितलं नाही.
मी पाहत होतो ना रोज,
ॲल्युमिनियमचं झाकण, त्यावर वरवंटा, मांजरासाठी.
तो गेला त्या उपवासकाळापर्यंत.

धर्मशिक्षणाच्या वर्गात सिस्टर शिकवायच्या :
मादीन म्हणजे बाळाच्या वतीनं बोलणारी.
म्हणजे माझ्या वतीनं देवापुढे गेलेलं पहिलं वाक्य
भलत्याच प्रश्नाचं उत्तर होतं.

आज मी पादीन.
बहिणीची मुलगी माझ्या हातांवर.
मी लिफ्ट दुरुस्त करतो,
किती वजन पेलेल ते पाटीवर वाचायची सवय.
इथं पाटी नाही.
मिस्सा सुटून बारा वर्षं झाली,
बहिणीला ठाऊक आहे.
तरी मलाच म्हणाली, तू उभा राहा.
फादरांच्या फॉर्मवर मी सही केली
आणि रात्रभर झोपलो नाही.

शेवटच्या बाकावर मुलीचा बाप,
दोन महिन्यांनी उगवलेला,
दाढी करताना गाल कापून घेतलेला.
त्याच्या दोन्ही बाजूंना जागा मोकळी.

मी वर पाहतो.
आज एकही विमान येत नाही.
शब्द न् शब्द लख्ख ऐकू येतो.
सैतानाचा त्याग करता का?

करतो, म्हणालो.
पुढचं वाक्य, तिच्याच वतीनं,
तोंडातल्या तोंडात ठेवलं
आणि मागच्या बाकाकडे बघितलं.

फादरांनी शिंपलीत पाणी घेतलं.
माझ्या मनगटावर ओघळलं ते
कोमट होतं.
कुणीतरी आठवणीनं तापवून आणलं होतं.