लाटणं

भरमानं दाराचं कातडं सोललं.
नऊ क्लिपा, तीन तुटल्या.
आत गंज, वाळका चिखल
आणि आधीच्या मालकाचं हुबळीचं तिकीट, कानडीत.
"वाच की," म्हणाला. शाळा माझी कानडी.
वाचलं : सत्तर रुपये.

मी हेअर ड्रायर धरून उकिडवी.
काळी शीट मऊ पडली की तो चिकटवायचा.
रोलर तीनशेला, म्हणून माझं लाटणं.
"कडेनं दाब, मधे हवा ऱ्हाती,"
हे मी सांगितलं.

वडगावच्या गल्लीत शेजारचे माग दिवसभर खटखटत.
फाउंड्रीत निबर झालेले त्याचे कान
पत्र्याला टिचकी मारून ऐकत होते.
ह्या दाराला टण्ण.
त्या दाराला धप्प.
परत टण्ण. परत धप्प.
पोरासारखा हसला.

संध्याकाळी खानापूर रस्त्याला लागलो.
आठ वर्षं ह्या गाडीत आम्ही ओरडूनच बोललो,
आता माझाच आवाज मला भांडखोर वाटला.
हळू बोलले.
भाजीचं झालं, धाकट्या दिराचं झालं.
मग त्याचं गिळलेलं थुंकसुद्धा ऐकू आलं.

देसूरच्या पुढं त्यानं काच खाली केली.
"वारं घेऊया जरा."

लाटण्याला अजून डांबराचा वास.
उद्या भातच.