दोन आडव्या रेघा

अक्कलकोट रोडला, रात्रपाळीत, मागांच्या खडखडाटात
मी व्यंकटेशची स्क्रिप्ट उघडून बसलेय.
तिला सहा आकडे द्यायचे,
ती जॅकार्डच्या भोकांची फाईल लिहून देते.
फाईल मागाला, मागाचा मोर टॉवेलला.

सहा आकडे कुठल्या क्रमाने
ते व्यंकटेशला ठाऊक,
आणि व्यंकटेश हिंजवडीत, फोन उचलत नाही.

मंगळवारी घाईत माझ्याकडून
चौथ्याच्या जागी पाचवा गेला.
ती काही बोलली नाही.
कर्सर मुकाट खालच्या ओळीवर.
सकाळी साडेतीनशे टॉवेल,
प्रत्येकावर मानेपर्यंतचा मोर,
पिसारा पुढच्या टॉवेलवर.

नरसय्या गुंडेटींनी घडी उलगडली, हसले नाहीत.
चाळीस वर्षं हातानं कार्डं पाडलेला माणूस.
"अम्मा, आमचाही हात चुकायचा.
पण चुकला की पंचाचा आवाज बदलायचा.
हे तुमचं सगळ्याला हो म्हणतंय.
असा पोरगा मी कधी कामाला ठेवला नसता."

तर आता प्रत्येक आकड्याआधी त्याचं नाव,
नावाआधी दोन आडव्या रेघा:
--रुंदी
--उंची
--धागे
देवनागरीत. चालतं, करून पाहिलं.
क्रम गेला खड्ड्यात,
कुणीही कुठेही उभं राहा, नाव सांगा म्हणजे झालं.
कुणी घाईत --रुंडी लिहिलं
तर ती अडते, विचारते: रुंदी म्हणायचंय का?
न सांगता जे धरून चालायची
तेही आता आधी छापते,
आणि --नुसतं-दाखव म्हटलं
तर एक भोकही पाडत नाही.

भिंतीवर चिकटवलेल्या चिठ्ठीतले
नुसते सहा आकडे अजून चालतात,
पण ती कुरकुरते.
महिनाभर कुरकुरू दे. मग चिठ्ठी काढू.

राहिला सहावा.
कायम दोन. कुठेच टिपण नाही.
पहाटे चहा पिताना त्याचा तीन केला, छापून पाहिलं,
काय बदललं ते मला काही दिसेना.
नरसय्यांनी चष्मा कपाळावर सरकवून
कागद नाकाशी नेला.
"गेला की," म्हणाले, "कन्नु गेला."

मोराला डोळा नव्हता.

मी लिहिलं: --कन्नु
आणि मदतीच्या ओळीत, त्यांना विचारून:
दोनच ठेवा. बदलायचा तर कारण सांगा.