पर्याय क्रमांक एक

बस, सुकेशनी. पंख्याखाली नको, तो डुगडुगतो.
फॉर्म राहू दे टेबलावर,
त्या क्लासच्या पत्रकाखाली, ज्यावर
एका हसऱ्या मुलाच्या डोक्याशी पॅकेजचा आकडा छापलाय.
त्या मुलाला मी ओळखत नाही.
उदगीरच्या या खोलीत एकवीस वर्षं मी प्रॅक्टिकलं घेते,
तो इथं कधी आला नाही.

तुझे मामा विचारतायत, नोकरी लागेल का?
लागते मामा. कुणाला नाहीही लागत.
चार वर्षांनी बाजारात काय चालेल
हे छातीठोक सांगणारा माणूस
देगलूर रस्त्याला पोपट घेऊन बसतो.

तू मला एवढंच सांग, पोरी,
अडलेलं गणित उशाशी घेऊन झोपतेस का?
उत्तर नव्हे. अडलेलं गणित.

कारण इथं तेच असतं.
तू म्हणणार, बरोबर लिहिलंय. मशीन म्हणणार, नाही.
ते भांडत नाही, रुसत नाही,
आडनाव विचारत नाही,
फक्त नाही म्हणतं,
आणि तीन तासांनी तुला दिसतं
सतराव्या ओळीच्या शेवटी एक अर्धविराम राहिलाय,
सदऱ्याचं बटण राहावं तसा.
पहिल्या सेमिस्टरला मी नापास झाले होते.
प्रवेशाच्या दिवसांत हे सांगू नका, असं
प्राचार्यांनी बजावलंय.

एमएस-सीआयटीचं लॅमिनेट केलेलं प्रमाणपत्र आणलंस,
चांगलं आहे, जपून ठेव.
पण ते एसटीचं तिकीट काढणं होतं.
इथं बॉनेट उघडून हात काळे करायचेत.
पहिलं वर्ष नुसतं गणित वाटेल,
पडद्यावर काही नाचणार नाही,
पुष्कळ पोरं दिवाळीतच कंटाळतात.
इंग्रजीची भीती? कंसाला कंस जुळायला लागला
की निम्मी होते.
निम्मी उरते, तेही खरं.

लॅपटॉपसाठी कुणाचं काही गहाण टाकू नका.
पाठकोरे कागद आण.
लाइट गेली की प्रोग्राम कागदावर चालतो,
बोट ठेवून, ओळीओळीनं.
इन्व्हर्टर जळाला त्या उन्हाळ्यातली पोरं
माझी सगळ्यात तयार निघाली.

मामा घड्याळ बघतायत. साडेबाराची अहमदपूर गाडी.

आणि इतका वेळ ओढणीचं टोक पिळत बसलेली तू
म्हणालीस,
"मॅडम, आमच्या गल्लीत टँकर येतो.
रोज भांडणं व्हायलेत, कुणाची पाळी, किती घागरी.
म्हणून मी वहीत नियम लिहिला,
काल जो शेवटी, तो आज आधी.
पण बाळंतीण असली तर?
तीनदा बदलला.
तरी एक घर रोज सुटायलंय,
कुठं चुकायलंय कळंना.
असलं काही शिकवतात का इथं?"

मामा म्हणाले, हिला सवयच आहे, नको तिथं डोकं घालायची.
मी म्हटलं, वही कुठाय?

होती. पिशवीत, डब्याखाली,
कोपऱ्याला शेंगदाण्याच्या चटणीचं तेल.
आपण तिघं वाकलो.
बाहेर रांग खोळंबली, शिपाई दोनदा डोकावला,
साडेबाराची गाडी गेली.

आणि बोट ठेवलं ते मामांनी.
"ही गयाबाई पिठाच्या गिरणीजवळची.
आणि ही मागच्या अंगाची गयाबाई.
तू दोघींना एकच धरलीस, येडे."

बघ. नाव पुरत नाही,
प्रत्येक घराला नंबर द्यावा लागतो.
हा धडा आमच्याकडं दुसऱ्या वर्षाला आहे.

मामा आता घड्याळ बघत नव्हते.
वही उलटी धरून विचारत होते,
आणि टँकरच आला नाही, तर
हिच्या नियमात काय लिहायचं?

ते मलाही येत नाही.

फॉर्म घरी ने. पेन्सिलनं भर.
पर्याय क्रमांक एकमध्ये काय लिहायचं
ते तुझं तू ठरव, शनिवारपर्यंत मुदत आहे.
काहीही लिही.
येताना वही आण.