पांढऱ्या भिंतीची अट

पोर्थ कॅरोच्या मेथडिस्ट हॉलमध्ये, फेब्रुवारीत,
दोन टेबलं जोडून मी समुद्र पसरला.
कोपरे उडू नयेत म्हणून चार कप.
एकात अजून चहा होता.

माझे वडील मोजणीदार. मंगळवेढ्याकडे
साखळी ओढत शिवारं हिंडले.
बांधापायी सख्खे भाऊ कुऱ्हाडी काढत
तेव्हा हे हद्दीच्या दगडावर बसून पान लावत.
म्हणत, दगड खोटं बोलत नाही,
फार तर रात्रीतून चार पावलं चालतो.

इथे दगडच नाही.
समुद्राचा सातबारा कुणाच्या नावावर नाही,
तरी कुणाच्या पिंजऱ्याशेजारी कुणी दोर सोडायचा नाही
हे शेंबड्या पोरालाही ठाऊक.

मी रंगीत पेन्सिली वाटल्या.
लाल म्हणजे मासेमारी बंद,
निळ्यात गळ आणि पिंजरे चालतील,
हिरव्याचं अजून ठरायचं होतं.
कुणी हात लावला नाही.
डेन्झिल नान्कारोने तेवढी हिरवी उचलली,
कानामागे खोवली
आणि खिडकीतून वारा बघत बसला.
जागा दाखवली की जागा गेली,
हे त्याने मला सांगितलं नाही.
सांगायची गरजही नव्हती.

सव्वा तास असाच.
मग मागून जोरी, विशीतला,
म्हणाला, मोठ्या ट्रॉलरवाल्यांना विचारा की.
विचारलंय, मी म्हटलं. त्यांनी वकील पाठवला.
तेव्हा पहिल्यांदा सगळे हसले.

लव्हडेबाई उठल्या. वय एक्क्याऐंशी.
पन्नास वर्षं नवऱ्याच्या होडीचा हिशेब,
आणि तो अंथरुणाला खिळला ते नऊ हंगाम
होडीसुद्धा.
नकाशाकडे पाहिलंही नाही. म्हणाल्या, लिही:
चर्चचा मनोरा मेन डू खडकाच्या नाकावर,
आणि पूर्वेला ट्रेगियरच्या घराची पांढरी भिंत
टेकडीच्या खांद्याआडून अर्धी बाहेर.
खाली कपार आहे. अंड्यांनी लगडलेल्या लॉबस्टरच्या माद्या
तिथे येतात. वर आली की परत सोडायची,
कायदा नव्हता तेव्हापासून.
तेवढी जागा लाल कर.

कुणीतरी खुर्ची सरकवली.
डेन्झिलने कानामागची पेन्सिल काढून टेबलावर ठेवली.

पण अट आहे, बाई म्हणाल्या.
ती भिंत आता राखाडी झालीय.
घर लंडनच्या माणसांनी घेतलं,
ऑगस्टात पंधरा दिवस येतात,
मासिकात असतो तसला रंग दिला.
धुक्याच्या सकाळी भिंत आणि आभाळ एकच.
भिंत दिसली नाही तर या पोरांना कळणार कसं
कुठे काही टाकायचं नाही ते?

जीपीएस आहे ना, जोरी पुटपुटला.
त्याला बॅटरी लागते, म्हणाल्या,
आणि पर्स मांडीवर घेऊन खाली बसल्या.

माझ्या फॉर्मात या अटीला रकाना नव्हता.
'इतर'मध्ये लिहिलं: पांढरा रंग, अंदाजे दोन डबे.

वरच्या ऑफिसला अक्षांश-रेखांश हवे होते,
दशांशानंतर सहा आकडे. दिले.
घरमालकांना पत्र गेलं. उत्तर नाही.
दुसऱ्या पत्राला आलं:
हा रंग आम्ही फार विचार करून निवडला आहे.
मी ते फाइलला लावलं.
वडील असते तर पान लावलं असतं.

एप्रिलच्या भांगाला, पाणी मंद असताना,
डेन्झिल मला होडीतून घेऊन गेला.
काही न बोलता इंजिन बंद केलं.
मनोरा हळूहळू सरकत
खडकाच्या नाकावर येऊन थांबला.
पूर्वेला टेकडी, टेकडीआडून
अर्धं राखाडी घर,
आणि घराखालच्या पायवाटेच्या कुंपणावर
वाळत घातलेली एक चादर.
पांढरी. डबलबेडची असावी.

कुणाची, मी विचारलं.
त्याने इंजिन सुरू केलं.
वारा बरा आहे आज, म्हणाला,
कपडे वाळतील.