तपशिलाचा रकाना

आम्ही त्याला जिरे म्हणतो.
फोडणीतलं नव्हे. अंड्यातून सुटून तीन दिवस झालेलं,
डोळा म्हणजे टिंब, अंग म्हणजे पाण्याचीच एक सुरकुती.
त्याच्यापुढे बीज, मग बोटुकली.
बोटाएवढं झालं की ते आमचं नसतं,
कुणाच्या तरी शेततळ्याचं असतं.

आमणापूरच्या खाली, कृष्णेच्या काठाला
सिमेंटचा गोल हौद. पाणी रात्रंदिवस फिरतं ठेवायचं,
थांबलं तर अंडी तळाशी बसतात आणि पांढरी पडतात.
म्हणून मल्हारीमामा मोटारीच्या आवाजावर झोपतो,
आवाज तुटला की ताडकन उठतो.
मामी म्हणते, माझ्या हाकेला कधी उठला नाही.

संध्याकाळी तो रोहूला सुई देतो.
ओल्या फडक्यात गुंडाळून, डोळे झाकून,
खवला जरासा उचलून,
"झालं बाई, झालं."
मादी एक, नर दोन.
पहाटे हौदाला मासळीचा नव्हे,
भिजवलेल्या डाळीसारखा वास येतो.

माझं काम मोजायचं.
चहाच्या गाळणीएवढी वाटी, बुडाला भोकं.
निथळली की उरतं थरथरतं राखी.
एक वाटी ताटात ओतून चमच्यानं मोजायची,
बाकीच्या वाट्या तिच्या भरवशावर.

परवा आटपाडीहून भगवान सरगर आले.
डाळिंबाच्या कडेला नवं तळं, खाली प्लास्टिक अंथरलेलं.
बीज पाहिजे, पण माझ्यासमोर मोजा.
बसले मांडी घालून, ओठ हलवत.
सातशे चाळीसला त्यांना शिंक आली.
दोघांचाही आकडा गेला.
मग म्हणाले, भरा तुमच्या हातानं.

आकडा गेलेला मी आधी पाहिलाय.
पुराच्या साली तळी, हौद, नदी एकच झालं.
आम्ही शाळेच्या गच्चीवर.
चार वर्षं सांभाळलेली कटला, उजव्या डोळ्यात फूल पडलेली,
कोंडा टाकायला गेले की माझ्या सावलीखाली यायची,
ती पण गेली.
पाणी उतरल्यावर रजिस्टर उन्हात वाळवलं
आणि तपशिलाच्या रकान्यात लिहिलं : नदीकडे परत.
साहेबांनी लाल शाईनं खोडलं,
वर लिहिलं : नुकसान.
दोन्ही शब्द अजून वाचता येतात.

रात्री सरगरांचा फोन.
सोडलं बीज. पिशव्या आधी अर्धा तास तरंगत ठेवल्या,
तुम्ही सांगितलं तसं.
पण ताई, आता काहीच दिसंना.
बॅटरी मारली तरी नुसतं पाणी.
मी म्हटलं, दिसणार नाही. इतक्यात नाही.
पलीकडे गप्प. मग हळूच,
"एखादं तरी?"
इकडे मोटार चालू होती, मामा घोरत होता.

मी म्हटलं,
पाण्याकडे बघू नका.
पाटीतली पेंड संपते का, ते बघा.